वाऱ्याची बाजू, आडोशाची बाजू: फिजी बेटांवरचे पंधरा दिवस

फिजीच्या नकाशावर रोमन लिपीत जे नाव आपण सहज 'नाडी' असे वाचतो, ते तिथला माणूस 'नांदी' असे उच्चारतो. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी फिजियन भाषेसाठी रोमन लेखनपद्धती बसवली, तेव्हा 'ड'आधी आपसूक येणारा 'न' आणि 'ब'आधी येणारा 'म' त्यांनी वेगळा लिहिला नाही, 'थ'साठी 'सी' आणि 'ङ'साठी नुसते 'जी' हे अक्षर योजले. त्यामुळे पाटीवर 'सिगाटोका' दिसणारे गाव बोलताना 'सिंगातोका' होते, 'बा'चे 'म्बा' होते आणि 'मामानुका' बेटांची 'मामानुथा' होतात. बसवाल्याला गाव विचारताना हा नियम फार उपयोगी पडतो, म्हणून तो सर्वांत आधी सांगितला. प्रवासाची सुरुवात नांदी नावाच्या गावातून व्हावी, याचा मला थोडा आनंदही झाला.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षे भूगोल शिकवला. व्यापारी वारे, पर्जन्यछायेचा प्रदेश, प्रवाळभित्तीचे प्रकार हे सगळे फळ्यावर बाण काढून शिकवले आणि निवृत्त झालो. मुलगी ऑकलंडला असते. तिच्याकडे गेलो असता तिथून तीन तासांच्या विमानप्रवासावर फिजी आहे हे लक्षात आले आणि ऑगस्टात पत्नीसह पंधरा दिवस काढले. मुंबईहून थेट जायचे तर सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जावे लागते आणि सिंगापूरहून पुढे सुमारे दहा तास लागतात. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर प्रवेश मिळतो; मात्र परतीचे तिकीट आणि राहण्याची सोय दाखवता आली पाहिजे. ऑस्ट्रेलियामार्गे जाणाऱ्यांनी तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम निघण्याआधीच पाहून घ्यावेत.

जे पुढे जाणार आहेत त्यांना एकच गोष्ट सांगायची आहे: फिजीत कुठे राहावे, कोणत्या दिवशी कुठे जावे, होडी सुटेल की नाही, ऊस कुठे पिकतो आणि राजधानी सदा ओली का असते, या सगळ्या प्रश्नांचे उत्तर आग्नेयेकडून येणारा व्यापारी वारा देतो. बहुतेक पर्यटक नांदीला उतरतात, होडीने मामानुथा किंवा यासावा बेटांवरच्या एखाद्या रिसॉर्टवर जातात आणि तिथूनच परततात. त्यांना ऊन, वाळू आणि निळे पाणी मिळते, पण ती केवळ आडोशाची बाजू आहे. वाऱ्याची बाजू पाहिल्याशिवाय ही बेटे कळत नाहीत.

आधी थोडी मांडणी सांगतो. फिजीत सुमारे ३३० बेटे आहेत, त्यांपैकी शंभरावर बेटांवर वस्ती आहे. एकूण जमीन साधारण १८,२७० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडी जास्त, पण ती पसरली आहे जवळपास १३ लाख चौरस किलोमीटर समुद्रात. त्यातही विती लेवू (सुमारे १०,४०० चौ. किमी) आणि वानुआ लेवू (सुमारे ५,६०० चौ. किमी) या दोन बेटांनीच जमिनीचा मोठा वाटा व्यापला आहे. ही मोठी बेटे ज्वालामुखीची आहेत, तर पूर्वेकडच्या लाउ गटात समुद्रातून वर उचलली गेलेली चुनखडीची बेटेही आहेत. फिजीच्या पूर्वेला टोंगाच्या गर्तेत पॅसिफिक भूपट्ट पश्चिमेकडे खाली जातो, आणि पश्चिमेला वानुआतूजवळ ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट उलट दिशेने, पूर्वेकडे खाली जातो. या दोन विरुद्ध ओढींच्या मधल्या तुकड्यावर फिजी बसले आहे. विती लेवूवरचे सर्वांत जुने खडक सुमारे चार कोटी वर्षांचे आहेत, आणि तावेउनी बेटावरचा लाव्हा मात्र कालपरवाचा म्हणावा इतका ताजा आहे. वर्गात ही बेटे मी एकाच रंगात रंगवून दाखवत असे. ते चूक होते.

नांदीत उतरताच पहिला प्रसंग जैवसुरक्षा तपासणीचा आला. ही बेटे बाहेरच्या किडी-रोगांना फार घाबरतात, आणि त्यात त्यांचे काही चूक नाही. पत्नीने लेकीकडून घेतलेले लोणचे आणि मेथीचे दाणे आम्ही फॉर्मवर लिहून दाखवले. दाणे गेले, बाटलीबंद लोणचे मात्र पाहून परत दिले. काय चालते आणि काय नाही याची खात्री नसेल तर लिहून दाखवावे, लपवू नये. लपवलेले सापडले तर दंड होतो.

नांदी ते लाउतोका हा पश्चिमेचा पट्टा पाहून मला वाळव्यातच आल्यासारखे वाटले. दोन्हीकडे ऊस, मधून जाणारी उसाच्या डब्यांची छोटी रेल्वे आणि पलीकडे वाळलेल्या गवताच्या तांबूस टेकड्या. या गवताळ, वारंवार जळणाऱ्या जमिनीला फिजियन लोक 'तालासिंगा' म्हणतात, म्हणजे उन्हाने भाजलेली भूमी. नांदीला वर्षाला १,८०० ते १,९०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो काही कमी नाही, पण त्यातला बहुतेक नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो आणि मे ते ऑक्टोबर हा काळ कोरडा जातो. ऊस पक्व व्हायला असा कोरडा, थंडावा असलेला काळ लागतो, तरच साखर उतारा मिळतो. म्हणून फिजीचा गळीत हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर असतो. पहिली मोठी गिरणी १८८२ मध्ये पूर्वेच्या ओल्या बाजूला, रेवा नदीकाठी नाउसोरीला सुरू झाली होती. तिथे ऊस जोमाने वाढे पण त्यात साखर कमी, आणि अखेर १९५९ मध्ये ती बंद झाली. १८७९ ते १९१६ या काळात कलकत्ता आणि मद्रासहून नेलेल्या सुमारे साठ हजार गिरमिटियांचे, म्हणजे करारावरच्या मजुरांचे, वंशज आज जास्त करून पश्चिमेला आणि वानुआ लेवूवर लाम्बासाच्या आसपास आढळतात. यामागे इतर कारणांबरोबर हा उताराही आहे. आमच्या टॅक्सीचालकाने, ज्याचे पणजोबा गिरमिटावर आले होते, उसाची कांडी मोडून दाखवत विचारले, "आप के गाँव में टन पे केतना मिले?" मी सांगितलेला आकडा ऐकून तो बराच वेळ गप्प बसला.

बस स्वस्त आणि भरवशाच्या आहेत. भाड्यासाठी पैसे भरलेले कार्ड लागते, ते दुकानातून घ्यावे. गाडी चालवायची असेल तर आपल्यासारखीच डावी बाजू आहे. गावांत शिरताना ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आणि उंच गतिरोधक असतात, आणि रात्री रस्त्यावर गुरे व घोडे बसलेले असतात, म्हणून अंधारात गाडी चालवू नये. रविवारी जवळपास सगळे बंद असते.

सिंगातोका गावाच्या अलीकडे काही किलोमीटरवर वाळूच्या टेकड्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९८९ मध्ये जाहीर झालेले हे फिजीचे पहिले राष्ट्रीय उद्यान. प्रवाळाच्या देशात पांढऱ्या वाळूची अपेक्षा असते. इथली वाळू करडी, मध्येमध्ये काळ्या रेघा असलेली आहे. मी खिशातून लोहचुंबक काढला (हा मी मुद्दाम नेला होता, पत्नीला ते आधी सांगितले नव्हते), प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि काळ्या रेघेवर टेकवला. पिशवीला बाहेरून बारीक काळी दाढी फुटली. चुंबक आत ओढून घेताच ती सगळी गळून पडली. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे खनिज, आणि ते आले बेटाच्या पोटातून. सिंगातोका नदी विती लेवूच्या मधल्या डोंगरांत उगम पावते, सुमारे १२० किलोमीटर वाहत येते, ज्वालामुखीचे खडक दळून आणते आणि मुखाशी समुद्रात टाकते. नदीमुखाशी गोड पाणी आणि गाळ यांमुळे प्रवाळ वाढत नाही, त्यामुळे तिथे भित्तीचा बांध नाही. खुल्या समुद्राच्या लाटा ती वाळू परत किनाऱ्यावर लोटतात आणि आग्नेयेचा वारा ती उचलून आत नेतो. अशा रीतीने २० पासून ६० मीटर उंचीपर्यंत टेकड्या उभ्या राहिल्या आहेत. वाऱ्याने जुनी वाळू सरकली की खालून मडक्यांचे तुकडे उघडे पडतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लापिता लोकांच्या, म्हणजे या बेटांवर आलेल्या पहिल्या माणसांच्या, खापरांचे अवशेष इथेच सापडले. खापर किंवा वाळू काहीही उचलू नये, मीही पिशवी तिथेच झटकली. दोन पायवाटा आहेत, एक तासाभराची आणि दुसरी दोन तासांची. मोठी घ्यावी, पण सकाळी नवाच्या आत, कारण नंतर वाळू तापते आणि सावली फक्त महोगनीच्या लागवडीत मिळते. खाली समुद्र मोहक दिसतो, तिथे पोहू नये. आडवायला भित्ती नसल्यामुळे ओढ जबर आहे.

याच किनाऱ्याने पूर्वेकडे निघाले की 'कोरल कोस्ट' लागतो, आणि भित्ती म्हणजे काय ते पायाने कळते. आम्ही रस्त्यालगतच्या एका साध्या निवासात दोन रात्री राहिलो. समुद्राचा आवाज दुरून, सतत, रेल्वेच्या यार्डासारखा येत होता, आणि किनाऱ्याशी मात्र पाणी तळ्यासारखे गप्प होते. लाटा फुटत होत्या त्या अर्धा किलोमीटर बाहेर, भित्तीच्या कडेवर. पौर्णिमा नुकतीच झाली होती, म्हणून ओहोटी चांगली लागणार हे कोकणातल्या आजोळामुळे माहीत होते. पण मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, तर इथे ते दीड मीटरच्या आतच खेळते. त्यामुळे भित्तीचा माथा उघडा पडतो तो अगदी थोडा वेळ. निवासाच्या मालकिणीने वेळ सांगितली होती आणि बजावले होते, पाणी फिरले की रेंगाळू नका.

सकाळी रबरी बूट घालून आम्ही त्या सपाट माथ्यावर चालत गेलो. किनाऱ्याजवळ वाळू आणि समुद्रगवत, मग मेलेल्या प्रवाळाचा खडबडीत ओटा, त्यात परातीएवढी डबकी, डबक्यात निळे तारामासे, काळ्या समुद्रकाकड्या आणि बोटभर मासे. बाहेरच्या कडेकडे जाऊ तसे जिवंत प्रवाळ वाढत गेले. गावातली एक बाई कमरेला टोपली बांधून, हातात लोखंडी सळई घेऊन ऑक्टोपस शोधत होती. तिने पत्नीला खुणेने थांबवले आणि तिच्या पुढ्यातल्या एका सुंदर, जाळीदार नक्षीच्या शंकूसारख्या शंखाकडे सळईने बोट दाखवत मोडक्या हिंदीत म्हटले, "नहीं छूना. मर जाई." शंकूशंखाचा दंश खरोखरच माणसाला मारू शकतो. पुढे जाणाऱ्यांनी हा नियमच धरावा: भित्तीवर पायात जाड तळव्याचे बूट हवेत आणि शंख कोणताही उचलू नये. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. फिजियन भाषेत भित्तीला 'थाकाउ' म्हणतात, आणि वानुआ लेवूच्या उत्तरेला दोनशे किलोमीटरहून लांब पसरलेल्या भित्तीचे नाव 'थाकाउलेवू', म्हणजे मोठी भित्ती. किनाऱ्याला चिकटलेली, किनाऱ्यापासून दूर, मध्ये खारकच्छ म्हणजे शांत उथळ पाणी ठेवून उभी असलेली आणि नुसती कंकणाकार, अशा तिन्ही तऱ्हा या एका देशात आहेत. बेट हळूहळू खचत जाते आणि प्रवाळ वर वाढत राहते, या डार्विनच्या कल्पनेला पुष्टी देणारी निरीक्षणे १८४० मध्ये अमेरिकन मोहिमेबरोबर आलेल्या जेम्स डाना या भूवैज्ञानिकाने इथेच केली. भित्तीत जिथे खिंड दिसेल तिथे समोर किनाऱ्यावर नजर टाकावी. बहुधा ओढा किंवा नदी मिळेल. आम्ही बसच्या खिडकीतून हा खेळ सुवापर्यंत खेळलो आणि बहुतेक वेळा मीच जिंकलो.

नावुआ नदीच्या जवळपास हवा बदलली. तोवर ऊन होते; एका वळणानंतर बसच्या काचेवर थेंब आले आणि पुढचे तीन दिवस आले. सुवाला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या कोकणासारखा चार महिने पडून थांबत नाही, तर कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या महिन्यांतही थोडा थोडा येत राहतो. १८८२ मध्ये राजधानी ओवालाउ बेटावरच्या लेवुकाहून इथे हलवली, कारण तिथे मागे उभा कडा आणि पुढे समुद्र, वाढायला जागाच नव्हती. सुवाला बंदर मिळाले, जागा मिळाली आणि ओलसर भिंतीही मिळाल्या. थर्स्टन उद्यानातल्या फिजी संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा. बाजारात अळूचे कंद रचलेले दिसतात, त्यांना 'न्दालो' म्हणतात. अळूच्या पानांची नारळाच्या दुधातली भाजी, 'रोउरोउ', शाकाहाऱ्यांना हमखास मिळते. पत्नीने त्यात चिंच नाही म्हणून नाक मुरडले, पण दोनदा मागून घेतली. दुपारच्या जेवणाला गुंडाळी केलेले 'रोटी पार्सल' स्वस्त आणि उत्तम.

सुवाहून परतताना आम्ही दक्षिणेचा सोपा क्वीन्स रोड सोडून उत्तरेचा किंग्ज रोड धरला, आणि या प्रवासातला तो सर्वांत चांगला निर्णय ठरला. नाउसोरीला रेवा नदीचा पूल ओलांडताना आमच्या मनात नर्मदा आली. नावाचा काही संबंध नाही, पण पात्र पाहून हात जोडावेसे वाटले. पुढे ओलेगच्च डोंगर, नेचे, बांबूची बेटे, आणि मग राकिराकीच्या अलीकडे अक्षरशः काही मैलांत हिरवे संपून पिवळे सुरू होते. वाई ते महाबळेश्वर हे अंतर ज्यांनी पावसाळ्यात केले आहे त्यांना हा बदल नवा नाही. नवल इतकेच, की सह्याद्रीवर पाऊस आणणारा वारा वर्षातून एकदा येतो आणि इथला जवळपास वर्षभर एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे डोंगराच्या दोन बाजूंचे वेगळेपण कधी मिटत नाही. याच भागात २० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ विती लेवूवर आदळले आणि देशभरात ४४ माणसे गेली. नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ असतो. त्या महिन्यांत तिकिटे स्वस्त दिसली तरी बेत आखताना हे ध्यानात ठेवावे.

तावुआ गावातून आत, वातुकोउलाच्या सोन्याच्या खाणीवरून नान्दारिवातूला जाणारा कच्चा रस्ता चढतो. ही खाण एका प्राचीन ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात आहे. वर पाइनची झाडे, धुके आणि स्वेटर लागेल अशी थंडी. पुढच्या नावाइ गावातून फिजीचे सर्वोच्च शिखर, १,३२४ मीटर उंचीचे तोमानिवी, चढता येते. कळसूबाईहून ते तीनशेवर मीटरने ठेंगणे आहे, या हिशेबावर मी निघालो आणि चुकलो. गावप्रमुखाला 'सेवुसेवू', म्हणजे पाहुण्याने द्यायची भेट, म्हणून यांगोनाच्या (ज्यापासून कावा हे पेय करतात त्या झुडपाच्या) मुळांची जुडी दिली (ती आधीच शहरातल्या बाजारातून घेऊन ठेवावी), टोपी काढून, खांदे-गुडघे झाकून बसलो, कावाची एक वाटी प्यायलो, जीभ बधिर झाली, वाटाड्या मिळाला. इथवर सगळे रीतसर झाले. पण रात्रभर पडलेल्या पावसाने वाट म्हणजे तांबड्या चिखलाची घसरगुंडी झाली होती, मुळे धरून चढावे लागत होते, आणि दीड तासाने गुडघ्यांनी निकाल दिला. आम्ही परतलो. जाणाऱ्यांनी आधी दोन दिवस पाऊस झालेला नसेल तरच जावे, पहाटे निघावे, आणि माथ्यावरून दृश्य मिळेलच असे धरून चालू नये, कारण दुपारपर्यंत ढग माथ्याला टेकतात. रेवा, सिंगातोका आणि म्बा या तीन दिशांना जाणाऱ्या नद्यांचे पाणी याच उंचवट्यावर वाटले जाते, एवढे मात्र अर्ध्या वाटेवरूनही ध्यानात येते.

नांदीहून छोट्या दोन इंजिनांच्या विमानाने तावेउनीला गेलो. सामानाची मर्यादा अगदी थोडी असते, जादा सामान नांदीच्या निवासात ठेवून जावे. तावेउनी हे सुमारे ४२ किलोमीटर लांब आणि अरुंद बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच ज्वालामुखीचा कणा आहे. त्यावर दीडशेहून अधिक शंकू ओळीने बसले आहेत, सर्वोच्च उलुइंगालाउ १,२४१ मीटर आहे, आणि शेवटचा उद्रेक इसवी सन १५५० च्या आसपासचा मानतात. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या जेमतेम ऐंशी वर्षे आधी. दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. तो हातात घेतला की निमूट, बसका दगड वाटतो. तावेउनीच्या दक्षिण टोकाचा लाव्हा अजून खरखरीत आहे, त्यात बुडबुड्यांची भोके जशीच्या तशी आहेत आणि हात फिरवला तर कातडी सोलते. तिथे लाटा खालच्या पोकळीत घुसून वरच्या भोकातून कारंज्यासारख्या उसळतात.

बेटाचा कणा वाऱ्याला जवळजवळ आडवा पडला आहे, म्हणून आग्नेयेच्या उतारावर पाऊस अतोनात. म्बोउमा येथील तावोरोचे तीन धबधबे याच बाजूला आहेत; पहिला, सुमारे २४ मीटरचा, प्रवेशापासून दहा मिनिटांवर आहे आणि वयस्करांनाही जमतो, दुसरा चढाचा पण करण्याजोगा आहे, तिसऱ्याची वाट निसरडी आहे, ती आम्ही सोडली. लावेनापासून किनाऱ्याची वाट काळ्या खडकांवरून आणि गावांमधून साधारण पाच किलोमीटर जाते आणि शेवटी धबधब्यापर्यंत पाण्यातून जावे लागते. मोबाइलसाठी पाणबंद पिशवी न्यावी. या बाजूला बस दिवसातून मोजक्याच असतात, परतीची वेळ चालकालाच विचारून मग उतरावे. तांगिमाउथिया हे डोंगरावरच्या तळ्याकाठी फुलणारे लाल-पांढरे फूल वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत येते, ऑगस्टात ते दिसत नाही. वाइयेवोजवळ १८० अंश रेखावृत्ताची पाटी आहे. आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे वळवून सगळ्या फिजीला एकच वार दिला आहे, त्यामुळे पाटीच्या दोन्ही बाजूंना तारीख तीच राहते. तरीही मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढून घेतला. तीस वर्षे पृथ्वीगोलावर बोट ठेवून दाखवलेली रेघ ती.

तावेउनीहून सोमोसोमोची सामुद्रधुनी ओलांडून वानुआ लेवूला होडीने जायचे ठरले होते. पहाटे पाचला धक्क्यावर पोहोचलो, तर होडी नाही. दोन तासांनी एकाने सांगितले की वारा जोराचा आहे, आज जाणार नाही. ही गोष्ट आदल्या संध्याकाळीच ठरली होती, पण तिकीट विकणाऱ्याने प्रवाशांना कळवायची तसदी घेतली नव्हती. राग आला. मग धक्क्यावरच बसून पाहिले, तर बेटाच्या आडोशालगत पाणी शांत होते आणि जिथे कण्याचा आडोसा संपतो तिथून पुढे पांढऱ्या फेसाची रेघ ओढल्यासारखी दिसत होती. ऑगस्टात व्यापारी वारे जोरात असतात. ज्यांना होडीने जायचे आहे त्यांनी पुढच्या विमानाच्या आधी किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा आणि आदल्या रात्री स्वतः फोन करून विचारावे.

दुसऱ्या दिवशी होडी सुटली आणि पलीकडून बसने आम्ही सावुसावूला पोहोचलो. याच बेटावर वुनिन्दोंगोलोआ हे गाव समुद्राचे पाणी घरांत येऊ लागल्यामुळे २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत हलवले गेले. सावुसावूत खाडीजवळ, खेळाच्या मैदानामागे, उकळते झरे आहेत. जमिनीत अजून धग आहे याची एवढी घरगुती खूण दुसरी नसेल. एक बाई गोणपाटात कसावा आणि न्दालो बांधून झऱ्यात सोडत होती, वर पातेले उपडे घालून. तिने सांगितले, तासाभरात शिजते, मीठ मात्र नंतर घालायचे. पाणी खरोखर उकळते, कुंपण नाही, मुले बरोबर असतील तर हात धरून ठेवावा.

मलेरिया फिजीत नाही, पण डेंग्यू आहे. डासांचे मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे ओल्या बाजूला लागतातच. प्लगची खाच ऑस्ट्रेलियन पद्धतीची असते.

सावुसावूहून नांदीला परतताना विमान ब्लाय वॉटर हा दोन मोठ्या बेटांमधला समुद्र ओलांडते. 'बाउंटी' जहाजावरच्या बंडखोरांनी उघड्या होडीत सोडून दिलेला कॅप्टन ब्लाय १७८९ मध्ये याच पाण्यातून गेला. इथे डावीकडची खिडकी मागून घ्यावी. विती लेवू समोर आले तेव्हा मधल्या डोंगरांवर ढगांची रांग बसली होती, तिच्या डाव्या अंगाला सगळे काळपट हिरवे होते आणि अलीकडे, आमच्या पंखाखाली, म्बाच्या उसाच्या चौकटी उन्हात पिवळ्या दिसत होत्या. पत्नीने विचारले, "हेच का ते फळ्यावरचे बाण?" मी होय म्हणालो.